उभ्या रेघा

गुड्डूने माझ्या सगळ्या उभ्या रेघा पुसून टाकल्या होत्या. स्क्रीनवर माझाच आलेख होता, ज्याच्यापायी माझी ऐन उमेदीची वर्षं गेली तोच, पण नुकतीच आंघोळ घालून पावडर लावलेल्या मुलासारखा चकचकीत. ठिपके जागच्या जागी होते. ठिपक्यांमधून जाणारी वळणदार रेषा होती, खाली तापमान, डावीकडे चिकटपणा, सगळं होतं. फक्त प्रत्येक ठिपक्याला वरून खाली छेदून जाणारी उभी रेघ तेवढी नव्हती. "कचरा होता मॅडम," गुड्डू म्हणाला. "स्कॅनिंगमधे आला असंन. हर पॉइंट पे एक लाइन. काही तर एवढ्या लंब्या का पूछो मत. सुबह से तेच साफ करून राहिलो." आणि खुर्ची मागे सरकवून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आता मॅडम शाबासकी देणार. मला आधी हसू आलं. मग ते हसू मध्येच थांबलं. कारण आलेख सुंदर दिसत होता. इतका सुंदर तो माझ्या हातून कधीच झाला नव्हता.

गुड्डूला दोष देण्यात अर्थ नव्हता. साफ करणं हा त्याचा धंदाच आहे. गोंदियाच्या बाजारात, गल्लीच्या तोंडाशी त्याचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान; लग्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, राइस मिलच्या थैल्यांवरचे छापे, निवडणुकीतले हसरे चेहरे आणि अलीकडे आम्हा प्राध्यापकांचे प्रबंध, सगळं त्याच्या एकाच माउसखालून जातं. जे जातं ते धुऊनच बाहेर पडतं. उमेदवाराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या आजोबांच्या एकुलत्या एका फोटोवरची बुरशी, नवरीच्या गालावरचा व्रण, काहीही. माझी-त्याची ओळखच मुळी भांडणातून झाली. कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पासपोर्ट फोटो काढायला त्याच्याकडे गेले, तर पाकिटातून एक गोरीगोमटी बाई निघाली. हनुवटी माझी, कान माझे, रंग मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी. आणि कपाळावरचं गोंदण गायब. आईने लहानपणी मांडीत घट्ट धरून गोंदवून घेतलेले ते हिरवे ठिपके. सुईची भीती वाटून मी आमच्या गावचं, दरेकशाचं अख्खं जंगल डोक्यावर घेतलं होतं, आणि आई म्हणत होती, हे नसलं तर मेल्यावर आपले लोक तुला ओळखतील कशावरून. मी गुड्डूला म्हटलं, माझा रंग परत दे. तो म्हणाला, "अरे मॅडम, लोग मांगून मांगून करतात, मी तुमाले असंच करून देल्लो." आणि ते ठिपके? "ते दाग होते ना." मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले, पण काळीसावळी, गोंदलेली रीना पंधरे कागदावर उतरेपर्यंत मी हलले नाही. तेव्हापासून तो मला जरा भिऊन असतो, आणि माझं काम जास्तच मन लावून साफ करतो.

त्या रेघा म्हणजे काय हे मी सांगायला लागले की आमच्या स्टाफरूममध्ये लोकांचे चहा भराभर संपतात. तरी सांगते. अणूच्या गाभ्यात, प्रोटॉनच्याही आत, सगळं एकमेकांना चिकटवून ठेवणारे जे कण आहेत ते ग्लुऑन. ते भयंकर तापवले, काही लाख कोटी अंशांपर्यंत, की बांधलेले राहत नाहीत, मोकळे होऊन वाहायला लागतात. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हा असंच काहीतरी वाहत होतं म्हणतात. ते किती दाट होतं? तेलासारखं, पाण्यासारखं, की त्याहून पातळ? एवढाच माझा प्रश्न. भांड्यात घेऊन ओतून बघता येत नाही, म्हणून संगणकात अवकाशाची आणि काळाची जाळी विणायची, जाळीच्या दोऱ्यादोऱ्यावर ग्लुऑन बसवायचे, आणि नियमाने ते पुन्हा पुन्हा हलवत त्यांची चित्रं घ्यायची. कॉलेजच्या संगणकखोलीतली जुनी यंत्रं मी त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मागून घेतली. भारनियमनात वीज गेली की सगळं थांबायचं, आली की जिथे थांबलं तिथून पुढे. क्वार्क मी घेतलेच नाहीत, ते त्या यंत्रांना झेपणारे नव्हते. एक चित्र आधीच्या चित्राला लवकर विसरत नाही, हे मी त्या खोलीत शिकले. हलवा, पुन्हा हलवा, तरी जुनी आठवण दोऱ्यांत उरते, आणि ती जाईपर्यंत नवं चित्र नवं म्हणून धरता येत नाही. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालत असायची, मी पदराने घाम पुसत बसायची आणि मला वाटायचं, या हिशेबाने मीही अजून नवी धरण्याजोगी नाही. गोंदियात येऊन इतकी वर्षं झाली, तरी दबक्या आवाजात बोलणाऱ्या माणसांत मला अजून गुदमरायला होतं.

असो. मेख पुढेच आहे. जाळीतला काळ घड्याळातला नसतो, गणितातला काल्पनिक काळ असतो, आणि त्यातून हाताला मोजकेच आकडे लागतात. तेवढ्यावरून एका अख्ख्या वक्राचा आकार ओळखायचा. चिकटपणा लपलेला असतो वक्राच्या अगदी मुळाशी, आणि नेमकं तिथेच माझ्या आकड्यांना कमी दिसतं. बंद दाराबाहेर उभं राहून आत चुलीवरची पेज किती दाट झाली हे नुसत्या वासावरून सांगण्यासारखं ते आहे. त्याच आकड्यांतून कितीतरी वक्र जाऊ शकतात, प्रत्येकाचा चिकटपणा निराळा, आणि त्यातला खरा कोणता हे आकडे सांगत नाहीत. सगळे जण काय करतात, तर एक साचा आधीच ठरवतात, आकडे त्यात बसवतात, आणि त्या साच्यापुरती रेघ छान आखूड येते. मी शक्य ते सगळे साचे लावून पाहिले. सगळ्यांची मिळून जी पसरट उत्तरं आली, ती खालपासून वरपर्यंत रेघेत मांडली. ठिपका हा फक्त मधला अंदाज. मला जे खरोखर माहीत आहे ते सगळं रेघेत आहे. काही रेघा फार लांब झाल्या, हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही.

मोबाइल वाजला तेव्हा मी अजून त्या स्वच्छ आलेखाकडेच बघत होते. नागपूरहून सर, माझे गाइड. बाइंडिंग झालं का विचारायला. उद्या संध्याकाळी माझ्या नोंदणीची मुदत संपत होती. प्रबंध त्याआधी विद्यापीठात दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला ना ती यंत्रं होती ना मी ती होते. मी हसत हसत त्यांना गुड्डूचा पराक्रम सांगितला. वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. मग सर म्हणाले, "राहू दे ना तसंच."

"सर?"

"अगं, मी वर्षभर तुला दुसरं काय सांगतोय? एक साचा धर. तू जगातले सगळे साचे लावून बघतेस आणि मग म्हणतेस, नक्की सांगता येत नाही. खाली ती तुटक रेषा दिसते आहे ना, मर्यादेची? याहून पातळ काही असूच शकत नाही म्हणतात ती? सगळ्यांचं उत्तर तिच्या जरा वर येतं आहे. तुझेही ठिपके तिथेच आहेत. मग त्यांना या शेपट्या कशाला?"

"कारण त्या आहेत, सर."

"रीना, ऐक माझं." त्यांनी आवाज खाली आणला. सरांनी आवाज खाली आणला की ते खरंच आपल्या काळजीने बोलत असतात, आणि तेच मला सोसत नाही. "परीक्षक काय म्हणतील ठाऊक आहे? पंधरे मॅडमना जमलं नाही, म्हणतील. दुसऱ्या कुणी एवढ्या लांब रेघा काढल्या तर त्याला प्रामाणिक म्हणतील. तुझ्या बाबतीत आधी सीट राखीव होती का ते बघतील. लोक असेच आहेत, मी काय करू? तुला इतरांपेक्षा जास्त नीटनेटकं असायला हवं."

"आणि नीटनेटकं खोटं असलं तर?"

"खोटं कोण म्हणतंय? न दाखवणं म्हणजे खोटं नाही." मग ते म्हणाले, "सही केलेलं प्रमाणपत्र तुझ्याजवळ आहे. ती सही मी नीटनेटक्या प्रबंधावर केली आहे, असं समज. शेपट्या असतील तर ती माझी नाही." आणि फोन ठेवला.

मला राग आला. चांगला, भरपूर राग आला. सर दुष्ट असते तर तो लगेच बाहेर पडला असता, पण सर दुष्ट नाहीत. दोघा-तिघांनी मला टोलवलं तेव्हा यांनीच घेतलं, यांच्याच घरी मी पावसाळाभर जेवले आहे, काकूंनी माझ्या ताटात न विचारता पोळी वाढली आहे. म्हणून राग आतच फिरत राहिला. भलं, भलं. माझं भलं करायला जो तो निघतो तो मला थोडंसं पुसायला निघतो. गुड्डूने कपाळ पुसलं, बाईंनी शाळेत भाषा पुसली, घरी बोलायची ती गोंडी वर्गात तोंडातून निघाली की छडी. नागपूरला पहिल्या सेमिनारला मी आलेख लावला तेव्हा पुढच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला ऐकू जाईल आणि मलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "सवलतीतल्या रेघा दिसतात." हसले चार जण. मी खडू खाली ठेवला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुमच्या मते केवढी हवी? तो म्हणाला, कमी. म्हटलं, किती कमी? कोणता साचा टाकू आणि कशाच्या जोरावर टाकू, ते सांगा, मी आत्ता फळ्यावर आखूड करून देते. सर मागून म्हणाले, पुढे चला, पुढे चला. मी पुढे गेले, पण रेघ तेवढीच ठेवून गेले. आणि आज, इतक्या दिवसांनी, बाजारातल्या एका दुकानात, कुणी न सांगता, ती पुसली गेली होती, आणि मला फक्त काही करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं. बोट हलवलं नसतं तरी मी उद्या संध्याकाळी डॉक्टर होण्याच्या रस्त्याला लागले असते. खरं सांगते, काही क्षण मी त्या चकचकीत आलेखाकडे हावरटासारखं पाहिलं. तो कुणाही शहाण्यासुरत्या माणसाचा आलेख वाटत होता. त्याला कुणीही विचारलं नसतं, तू कुठल्या सीटवर आलास.

"तो, मॅडम, प्रिंट मारू?" गुड्डूने विचारलं.

"थांब," मी म्हटलं.

बाबा शेजारच्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसले होते. सकाळच्या पॅसेंजरने दरेकशाहून आले होते. तिथे केसपेपरवर मीच त्यांचं नाव सांगितलं, सुकराम पंधरे, आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, वय? बाबांच्या वयाचं आमच्या घरात फार जुनं दुखणं आहे. मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट, कसलीशी पाहणी करायला एक माणूस गावात आला होता. बाबा कुसुमाच्या झाडावरून लाखेच्या डहाळ्या काढून खाली उतरत होते. त्याने खालूनच विचारलं, वय किती? बाबा म्हणाले, "असंन चाळीस. पन्नासबी असंन." तो म्हणाला, एक काहीतरी सांग. बाबा म्हणाले, "मी जलमलो तवा मोजाले बसलो होतो का?" त्या माणसाने वैतागून मधलाच एक आकडा टाकला. पुढे दुसरा आला, त्याने दुसरा टाकला. मग कधीतरी कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चारचौघांत बाबांवर ओरडला, खोटं बोलतोस? बाबा त्या दिवशी घरी आले, ओट्यावर बसले आणि आईला एवढंच म्हणाले, "मले खोटा म्हनते तो." जेवले नाहीत. मला वाटतं, मी विज्ञानाकडे वळले ती त्या ओट्यावरून. ज्याने मनाने आकडा लिहिला तो खरा, आणि ज्याने माहीत नाही तिथे माहीत नाही म्हटलं तो खोटा, हे गणित माझ्या डोक्यात बसेना. अजून बसलेलं नाही. माझी स्वतःची जन्मतारीख एक जुलै आहे. गुरुजींनी लिहिली. आमचा अर्धा वर्ग एक जुलैला जन्मला.

बाबा आले ते भिंत चाचपत आले. डोळ्यांत औषध टाकून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या. मी उठून त्यांना बाकावर बसवलं. "सब धूधू दिसते," ते म्हणाले. "डाक्टर म्हने दोन घंटे असंच राहीन." मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. झेरॉक्सच्या गरम शाईचा वास दुकानात भरला होता. "लाखेच्या भट्टीवानी वास येते इथं," बाबा म्हणाले, आणि मला ती भट्टी आठवली. इथेच, गोंदियात. बाबा डोक्यावर लाखेचं पोतं घेऊन आणि मला बोटाला धरून तिथे आले होते. धगीसमोर एक माणूस लांबलचक कापडी नळी पिळत होता, आणि कापडातून लाख बाहेर येत होती, तांबूस, चकाकणारी, मधासारखी दाट. मग दुसऱ्याने तिचा गोळा घेतला आणि हातांनी, पायांनी, दातांनीसुद्धा ओढून त्याचा असा पातळ पापुद्रा केला की त्यातून पलीकडची आग दिसत होती. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मघाशी दगड होता तो आता वाहतो कसा? एका कोपऱ्यात काही ढेपा टाकून दिल्या होत्या. जास्त तापल्या, आता पुन्हा कधी वितळायच्या नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. म्हणजे तापवलं की पातळ होतं, आणि आणखी तापवलं की उलट घट्ट? मी बाबांना विचारलं, बाबा, सगळ्यात पातळ कधी होते? किती पातळ होते? बाबा म्हणाले, "मी झाडावरची जानतो. भट्टीतली कायले मले इचारते? त्याले इचार." मी त्याला विचारलं नाही, लाज वाटली. तो प्रश्न तसाच राहिला आणि माझ्याबरोबर वाढला.

"झालं का तुजं पुस्तक?" बाबांनी विचारलं. आमच्यात बोलताना आम्ही गोंडीत बोलतो, पण गुड्डू ऐकत होता म्हणून ते गावच्या बोलीत बोलले.

"होऊन राहिलं, बाबा."

"मंग काय निंगालं? पातळ का घट्ट?"

मी हात पसरून दाखवले. एवढं ते एवढं.

"दिसून नाई राहिलं बाई. सांगितलं ना तुले."

तेव्हा मी खाली वाकले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. झाडाच्या सालीसारखे खरबरीत हात. एक हात गुडघ्यापाशी ठेवला. दुसरा उचलला, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्याही वर नेला. "इथून इथवर, बाबा. याच्यात कुठीतरी."

बाबांनी ते अंतर मनात मोजलं. "लय हाये," ते म्हणाले.

"हो. लय आहे."

"इतल्या सालाचं एवढंच निंगालं?"

"एवढंच. पण याच्या भायेर नाही, एवढं नक्की. आधी तेही कोणाले ठाऊक नव्हतं." बोलता बोलता माझ्या एक लक्षात आलं. हे वाक्य मी सरांना कधी असं सांगितलंच नव्हतं. त्यांना मी नेहमी माफी मागितल्यासारखी रेघ दाखवली होती, आमचे आकडे कमी, आमची यंत्रं जुनी. रेघ म्हणजे माझी उणीव आहे असं मीही कुठेतरी धरूनच चालले होते. ती उणीव नव्हती. ते माझं उत्तर होतं, अख्खं, दोन्ही टोकांसकट, आणि ते शोधायला मी माझी वर्षं घातली होती.

"मंग ठीक हाये," बाबा म्हणाले. आणि जरा वेळाने, "आता हात खाली करू का?"

गुड्डू फिस्सकन हसला, मी हसले, बाबाही हसले. पण गुड्डूचं हसू लगेच ओसरलं. तो स्क्रीनकडे बघत होता. "मतलब मॅडम," तो म्हणाला, "ती लाइनच आन्सर होती?"

"हो."

"आन मी आन्सरच साफ करून टाकलो?" त्याने कपाळावर हात मारला. "तुमी मले तवाच काऊन नाई बोलल्या? फोटोच्या टाइमले तर लय बोलल्या होत्या."

"आता बोलते ना. काढ सगळ्या परत. मी आकडे सांगते."

आम्ही उजवीकडून सुरुवात केली, तिथे तापमान सगळ्यात जास्त आणि रेघा त्यातल्या त्यात आखूड. मी प्रबंधातल्या कोष्टकावरून वरचं टोक सांगायची, खालचं टोक सांगायची, गुड्डू रेघ ओढायचा. एकेक ठिपका पुन्हा जिवंत झाल्यासारखा उभा राहायला लागला. एका जागी तो थबकला. "ही खालची डॉटवाली लाइन क्रॉस करून राहिली. चालते?"

"चालते."

"पर वो लिमिट है ना? बाजूले तसंच लिवून हाये."

"ते म्हणतात लिमिट आहे. माझे आकडे अजून हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ओढ खालपर्यंत."

त्याने ओढली. असं करत करत आम्ही डावीकडच्या शेवटच्या ठिपक्याशी आलो. ग्लुऑन नुकते कुठे वितळलेले, तिथला. सगळ्या जगाचं लक्ष असलेला, आणि मला सगळ्यात कमी कळलेला. तिथे चित्रं जुन्या चित्रांना सोडायलाच तयार नसतात. सरांनी सांगितलं म्हणून डावीकडची चिकटपणाची पट्टी मी आधीच्या प्रतीत मध्येच संपवली होती, त्यामुळे या रेघेचं डोकं चौकटीला टेकून तिथेच कापलं गेलं होतं; कोष्टकात मात्र आकडा पूर्ण होता. मी गुड्डूला खरा आकडा सांगितला. त्याने रेघ ओढली, चौकट ओलांडली, पान संपलं, तरी आकडा गाठला जाईना.

"कापू का?"

"नाही."

"पूरा ग्राफ छोटा करून बसवू?"

"मग बाकीचे ठिपके एकमेकांत मिसळतील. काही दिसणार नाही."

"मंग पन्नाच खतम होते मॅडम, मी काय करू?"

"मोठा पन्ना लाव."

गुड्डू उठला, आतल्या खोलीत गेला आणि कॅलेंडरं छापायचा लांब कागद घेऊन आला. यंत्राला तो नीट घेता येईना, म्हणून दोन तुकड्यांत छापून पाठीमागून जोडला. घड्या कशा घालायच्या हे ठरवायला आम्ही तो उघडून धरला. खालचं टोक बाबांच्या हातात दिलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी जपून धरलं, काहीच दिसत नसताना. वरचं टोक घेऊन मी उभी राहिले, हात वर केला, तरी कागद मध्ये पोक काढून लोंबत होता, म्हणून बाकावर चढले. रेघ बाबांच्या गुडघ्यापासून माझ्या हातापर्यंत सरळ उभी राहिली. दुकानात झेरॉक्स काढायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, ये क्या है भाई? गुड्डू ऐटीत म्हणाला, "आन्सर है."

मी बाकावर उभी असतानाच मोबाइल वाजला. एका हाताने कागद धरून दुसऱ्या हाताने उचलला.

"रीना, झालं का बाइंडिंग?"

"होतं आहे, सर. रेघा सगळ्या परत घातल्या आहेत." मी हातातला कागद सावरला. "सकाळच्या गाडीने येते. तुमच्या सहीचं पान पहिलंच आहे. फाडायचं असेल तर फाडा, पण माझ्यासमोर फाडा."

त्यांनी फोन ठेवला नाही.

"आणि सर, परीक्षकांना एक सांगून ठेवा. आलेखाचं पान घडीचं आहे. पूर्ण उघडायला दोन माणसं लागतात."